चौदा नंबरचा पत्ता

रविवार, ६ जुलै

आज इंदूचा क्लास मी घेतला. घेतला म्हणजे काय, तासभर पोरांसमोर उभा राहिलो आणि घाम पुसत घरी आलो. सरकारी नोकरीत जन्म गेला, भल्या भल्या साहेबांसमोर कधी पाय लटपटले नाहीत. इथे रायपूरला, बुढापाऱ्यातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मात्र आठ पोरांनी माझी बोबडी वळवली.

दर रविवारी सकाळी मराठी शिकवायचं हे इंदूचं काम. घरात आजी-आजोबा मराठी बोलतात आणि पोरं उत्तर हिंदीत देतात, त्यांच्यासाठी. मे महिन्यात अशाच एका रविवारी ती क्लासला निघाली होती. पायात चपला घातल्या आणि दारातच खाली बसली. मेंदूत गुठळी. डॉक्टरांनी वाचवलं, उजवा हातही बराच सुटला. पण शब्द सुटले नाहीत. वस्तू दिसते, कळते, नाव येत नाही. जी बाई पोरांना शब्द शिकवायची तिलाच.

ती बरी होईपर्यंत क्लास तिच्या नावावर टिकवायचा, एवढंच मी ठरवलंय. मंडळाचे सचिव दिवाकरराव आत्ताच विचारायला लागलेत, "वहिनी पुन्हा शिकवू शकतीन का हो? नाई तं हॉल हार्मोनियमवाल्याले देऊन टाकतो." मी ठणकावून सांगितलं, दिवाळीपर्यंत येतील. कशाच्या जोरावर सांगितलं, देव जाणे.

पोरांना शुद्धलेखन घातलं. एक यशदीप नावाचं पोरगं म्हणालं, "काका, काकू ऐसा नहीं पढ़ाती थी."

बुधवार, ९ जुलै

समता कॉलनीतल्या दवाखान्यात इंदूला वाचा-उपचारासाठी नेलं. गंधाली नावाची मुलगी आहे, मूळची गोंदियाची. तिनं इंदूसमोर कंगवा धरला. इंदू बघत राहिली. मग म्हणाली, "ते... केसाले... सकाळी..."

"कंगवा," मी म्हटलं.

गंधालीनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही नका ना सांगू. त्यायले शोधू द्या."

अरे पण माहीत असताना गप्प बसायचं? माणूस खड्ड्याकडे चाललाय आणि आपण बघत राहायचं? ती म्हणाली, "खड्डा नाही काका, वाट हाय ती. फेरीची हाय, एवढंच." पोरगी हुशार आहे, पण वय लहान.

इंदू शाळेसारखं मराठी बोलायची, क्लासमध्ये तर फारच. आता येतं ते सगळं माहेरचं, अकोल्याकडचं, "मले", "तुले". तेही तुटक. मला याचं वाईट वाटतं. तिला वाटतं की नाही, ठाऊक नाही.

शनिवार, १९ जुलै

यशोधनचं पार्सल आलं. आमचा मुलगा दोन वर्षांसाठी मेक्सिकोत आहे, ग्वादालाहारा नावाच्या शहरात, कंपनीच्या कामाला. त्याचा एक सहकारी रायपूरला आला, त्याच्या हाती पाठवलं. म्हणाला होता, "बाबा, तिकडच्या शाळांमध्ये हे मुलांना शब्द शिकवायला वापरतात. क्लासमध्ये वापरून पहा."

खेळ आहे. नाव 'लोतेरिया'. आपल्या किटी पार्टीतला तंबोला असतो तसाच, फक्त आकड्यांच्या जागी चित्रं. चोपन्न पत्त्यांचा कॅट आणि पुठ्ठ्याचे दहा तक्ते. प्रत्येक तक्त्यावर सोळा चित्रं. एकानं पत्ता काढून पुकारायचा, ज्याच्या तक्त्यावर ते चित्र असेल त्यानं त्यावर दाणा ठेवायचा. तिकडे घेवड्याचे दाणे ठेवतात म्हणे.

दुपारभर पत्ते बघत बसलो. चहा गार झाला. कोंबडा, छत्री, शिडी, घागर, विंचू, टरबूज. फुलांनी भरलेल्या होडीत उभी असलेली बाई. अर्धी मासोळी असलेली जलपरी. एक दारुडा, तोंडाला बाटली लावलेला. एकोणचाळीस नंबरला निवडुंग, आणि यशोधन म्हणतो, तिथे निवडुंगाची भाजी करतात! काटे काढून, परतून. आपण शेताला कुंपण घालतो आणि ते जेवतात. मला त्या लोकांबद्दल एकदम उत्सुकता वाटायला लागली.

चौदा नंबरचा पत्ता मात्र पाहिला आणि लगेच पालथा घातला. हाडांचा सापळा, हातात मोठा कोयता. मृत्यू. लहान मुलांच्या खेळात! यशोधनला फोन केला तर हसतो. "बाबा, इथे लोक त्याला घाबरत नाहीत. चिडवतात. घरचा माणूस असल्यासारखे टोमणे मारतात."

ते मारोत. आमच्या घरी तो नुकताच येऊन गेलाय. इंदू झोपली होती तेवढ्यात पत्ता कॅटमधून काढला आणि कपाटात माझ्या पांढऱ्या शर्टांच्या घडीत ठेवून दिला. बेचाळीस नंबरला एक कवटीही आहे. पण ती विजेच्या खांबावरही असते, म्हणून राहू दिली.

रविवार, २० जुलै

खेळ नेला. घेवड्याऐवजी चिंचोके, इंदूच्या डब्यातले. पहिली पाच मिनिटं पोरं खूश. निवडुंगाची भाजी ऐकून "छी!", "टेस्ट कैसा होगा?", "काका, काटे कुठे फेकतात?" प्रश्नच प्रश्न. मला उत्तरं येत नव्हती, आणि कितीतरी वर्षांनी ते बरं वाटलं.

मग मी पुकारायला लागलो. "कोंबडा. छत्री. घागर." दहा मिनिटांत जांभया. यशदीप म्हणाला, "काका, ये तो हाजिरी हो गई."

श्रावणी म्हणून दहा वर्षांची पोट्टी आहे, चुणचुणीत, भांडखोर. तिच्या तक्त्यावर खालच्या कोपऱ्यात तो सापळा छापलेला आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पंधरा चिंचोके ठेवून ती शेवटपर्यंत थांबली. "काका, माझा हा हाडक्या आलाच नाही."

"हरवला तो पत्ता," मी म्हटलं. "तू दुसरा तक्ता घे."

"नाही. यात जलपरी आणि बेडूक दोन्ही आहेत."

संध्याकाळी यशोधनला तक्रार सांगितली. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही सरळ नाव घेतलंत? तिथेच चुकलं. इथला पुकारणारा चित्राचं नाव पटकन घेतच नाही. आडून आडून बोलतो, काहीतरी जोडतो. कुणाची तरी खोडी काढतो. लोकांनी ओळखायचं. त्यातच मजा असते."

म्हणजे माहीत असलेला शब्द मुद्दाम सांगायचा नाही. विचित्र लोक. पण करून बघू.

गुरुवार, २४ जुलै

सकाळपासून ओळी जुळवतोय. घागरीसाठी एक छान जमली: "मृत्तिकेची मी कन्या, शीतल माझे उदर." मोठ्यानं म्हणून पाहिली. इंदू पलंगावर बसून ऐकत होती. हसली की खोकली, कळलं नाही.

मग तिनं टेबलाकडे बोट केलं. "ते दे. ते... गरम... त्याले कान असते... एकच कान."

"कप," मी म्हटलं आणि दिला.

तिनं कप घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, अशा आजारात माणूस चिडचिडा होतो. मी काही मनावर घेतलं नाही. पुन्हा ओळींकडे वळलो, पण छत्रीवर काही सुचेना. वस्तूचं नाव न घेता वस्तू सांगणं किती कठीण आहे! कुणाला सहज जमत असेल असं वाटत नाही.

रविवार, २७ जुलै

'मृत्तिकेची कन्या' आपटली. एकाही पोराला उदर म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

पण गंमत पुढे झाली. श्रावणी म्हणाली, "काका, तुम्ही बसा, मी पुकारते." पत्ता काढून ती म्हणाली, "मम्मी रोज म्हणते घेऊन जा, घेऊन जा. मी नेत नाही. मग भिजते. मग मार."

"छत्री!" बाकीची सातही पोरं ओरडली. मराठीत! यशदीपनं विंचवावर ओळ केली: "छोटा आहे, पण नानीच्या गावात सगळे चप्पल झटकून घालतात." 'झटकून' हा शब्द त्याच्याकडे होता हे त्याच्या आईलाही माहीत नसेल. नियम एकच ठेवलाय, हिंदीत सांगितलं तर चिंचोका परत. तक्ता पूर्ण झाला की "भरली!" ओरडायचं, हे पोरांनीच ठरवलं.

श्रावणीची आजही भरली नाही. "एक पत्ता गुम आहे," तिनं सगळ्यांना जाहीर केलं. मी चष्मा पुसत बसलो.

रविवार, १० ऑगस्ट

आज चौदा पोरं, तक्ते दहाच, म्हणून काही जोडीनं बसली. नव्या रायपूरहून एक बाई आपल्या जुळ्यांना गाडीनं घेऊन आल्या. दिवाकरराव दारात उभे राहून बघत होते. दारुड्याच्या पत्त्यावर "हे काहून ठेवलं?" म्हणून कुरकुरले, पण स्वतः दोन डाव खेळले.

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अच्युतराव, क्लास तं जोरात हाय. पण वहिनींचं आता नाई जमायचं, तुमालेबी दिसून राहिलं. गणेशोत्सवात त्यायचा सत्कार करून टाकू. शाल, श्रीफळ. सन्मानानं मोकळं करू. पुढचं तुम्ही पाहा."

मी उरलेले चिंचोके डब्यात भरले. मग म्हटलं, "बरं." माणूस थकला की हो म्हणतो. महिना झाला, दवाखान्यातही तीच गत. गंधाली चित्रं दाखवते, इंदू फेऱ्या मारत बसते, मी शब्द सांगतो. खोटी आशा तरी किती दिवस धरायची?

घरी येऊन इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "नाही." स्पष्ट. एका दमात. आजारपणानंतर इतकं खणखणीत काही बोलली नव्हती.

मला वाटलं शालीचं म्हणते आहे. तिला लोकरीच्या शाली आवडत नाहीत, टोचतात. दिवाकररावांना फोन करून सुती सांगितली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून श्रावणी आईबरोबर घरी आली, हातात लाडूचा पुडा. तिच्या आईला मी बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा टाकायला आत गेलो. श्रावणी इंदूच्या पलंगावर चढून बसली आणि पत्ते पसरले.

चहा उकळत असताना इंदूचा आवाज आला. "हा... पाण्यात. मंग... बाहीर. पावसाळा लागला का... झोपू देत नाही मेला."

मी दारात आलो. तोंड उघडलं होतं, शब्द जिभेवर होता. श्रावणीनं माझ्याकडे न बघताच हात वर केला. "काका, श्शू! तुम्ही आउट." मग विचार करून, "बेडूक!"

"हव," इंदू मान डोलावत म्हणाली.

पुढचा पत्ता. "हे... वर जाते. खाली येते. काका जातीन... मी नाही." शिडी. पुढचा. "उन्हाळ्यात... लाल. बिया थुकतात... कार्टे." टरबूज. श्रावणी हसून हसून आडवी. प्रत्येक ओळीला इंदूला वेळ लागत होता, कपाळावर आठ्या पडत होत्या. पण त्या आठ्या मी रोज बघतो तशा नव्हत्या. ती शोधत होती आणि समोरची पोट्टी डोळे मोठे करून वाट बघत होती. घाईच नव्हती कुणाला.

चहा उतू गेला. मी गॅस पुसत उभा राहिलो आणि मला रडू आलं. तीन महिने मी या बाईच्या तोंडातला घास काढून घेत होतो. मला वाटत होतं मी भरवतोय.

जाताना श्रावणी तिला म्हणाली, "काकू, तुम्ही एकदम सही पुकारता. काकांना जमत नाही. आणि एक पत्ता गुम आहे, हाडक्या. त्याच्यामुळे माझी कधीच भरत नाही."

इंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा उचलल्या.

बुधवार, २० ऑगस्ट

दवाखान्यात आज एकही शब्द सांगितला नाही. हातावर हात दाबून बसलो. फार अवघड आहे. गंधाली म्हणाली, "आज काका छान बोलले." आगाऊ आहे.

सत्काराचं आता कसं करावं? पत्रिका छापून आली. नाव, फोटो, सगळं. दिवाकररावांना रद्द करा म्हणावं तर त्यांनी नागपूरहून पाहुणे बोलावलेत. आणि दुसरी भीती अशी की सत्कार म्हटला की सत्काराला उत्तर द्यावं लागतं. हे माझ्या आधी का लक्षात आलं नाही? भरल्या हॉलमध्ये माइकसमोर ती उभी राहणार आणि शब्द येणार नाही. घरातल्या पलंगावर श्रावणीला बेडूक सांगणं वेगळं.

ठरवलं, तिच्या वतीनं मीच बोलेन. भाषण लिहायला घेतलंय.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. पूजेसाठी पांढरा शर्ट काढला तर घड्या विस्कटलेल्या. कामवाल्या बाईला विचारलं, ती म्हणते तिनं हात लावला नाही. श्रावणी दोनदा येऊन गेली या आठवड्यात. दार लावून घेतात दोघी. आत काय चालतं विचारलं तर इंदू म्हणते, "काम."

भाषण झालं लिहून. शेवटचं वाक्य, "आता त्यांनी विश्रांती घ्यावी." बरं वाटतंय, पण खरं वाटत नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

हॉल भरलेला. आरती झाली, पाहुण्यांचं झालं, इंदूला सुती शाल पांघरली, नारळ दिला. दिवाकरराव माइकवर म्हणाले, "आता सत्कारमूर्तींनी सत्काराला उत्तर द्यावं," आणि जीभ चावली. सवयीनं निघून गेलं. "म्हणजे... अच्युतराव त्यांच्या वतीनं..."

मी कागद काढून उठलो. इंदूनं माझा सदरा धरून खाली ओढला.

"बस," ती म्हणाली.

शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, पर्स घेतली आणि हळूहळू माइकपाशी गेली. पुढच्या रांगेतली पोरं सतरंजीवर सरकून बसली. कुणाच्या एकट्याच्या, कुणाच्या जोडीनं मांडीवर तक्ता, मुठीत चिंचोके. हे कधी वाटले? श्रावणीनं मागे वळून मला तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

इंदूनं पर्समधून कॅटमधले निवडून आणलेले वीसेक पत्ते काढले. पहिला पत्ता हातात घेऊन उभी राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. माझ्या घशात 'कोंबडा' अडकला होता. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"हा," ती म्हणाली, "सर्व्यात आधी उठते. मंग... दुसऱ्यायले... झोपू देत नाही."

"कोंबडा!" पोरं ओरडली. मागून कुणीतरी म्हणालं, "नाई, दिवाकरभाऊ!" आणि हॉल हसला. दिवाकररावही.

"हे... पाऊस थांबला का... विसरून येतेत." तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यायनं... किती तरी."

"छत्री!"

"आपल्याकडं... कुंपणाले. तिकडं... वाढतेत ताटात."

"निवडुंग!" या वेळी मोठी माणसंही ओरडली. पाहुण्यांनी शेजाऱ्याला विचारलं, खरंच खातात का? एकेक पत्ता, एकेक फेरी. कुठे ती अडायची, सुरू केलेलं सोडून दुसरीकडून यायची, आणि पोरं तिच्याबरोबर वळायची. ती अडली की पोरं पुढे झुकायची. कुणाला तिची कीव आली असेल असं मला वाटत नाही, सगळे ओळखण्यात गुंतले होते.

मग हातातले पत्ते संपले. पोरांत गलका, कुणाचीच भरली नव्हती. श्रावणीच्या तक्त्यावर पंधरा चिंचोके आणि कोपरा रिकामा.

इंदूनं पर्सचा आतला कप्पा उघडला आणि एक पत्ता काढला. लांबूनच मी ओळखला. माझे पांढरे शर्ट डोळ्यांसमोर आले.

तिनं पत्ता स्वतःकडे धरला आणि त्याच्याकडे पाहिलं, शेजारच्या माणसाकडे पाहावं तसं.

"हा... आला होता," ती म्हणाली. "घरी. उन्हाळ्यात. मी... चपला घालून राहिली होती." थांबली. कपाळावर आठी. "हा म्हणे... चाल. म्या म्हटलं... आज नाही. आज रविवार हाय. पोट्टे येऊन... बसले असतीन."

माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

"हाडक्या!" श्रावणी किंचाळली. चिंचोका आपटल्याचा आवाज झाला. "भरली! काकू, भरली!"

इंदू वाकली, तिचा तक्ता हातात घेतला आणि एकेक घर तपासलं, वही तपासायची तशी. मग म्हणाली, "भरली." आणि टाळ्या सुरू झाल्या त्या काही केल्या थांबेनात. दिवाकरराव माइक घेऊन उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी हॉल उघडाच ठेवतो." हार्मोनियमचं नाव काढलं नाही.

परत येताना ई-रिक्षात ती दमून टेकून बसली होती. माझ्या खिशाकडे बोट करून म्हणाली, "ते... कागदावर... तू लिहिलं... उभं राहून..."

शब्द मला माहीत होता. अख्ख्या आयुष्यात कुठला शब्द इतका माहीत नव्हता. मी रस्त्याकडे बघत बसलो. बुढा तलाव आला, वळण गेलं, सिग्नलला गाडी थांबली आणि सुटली.

"भाषण," ती म्हणाली.

"हव," मी म्हटलं.